नवरा म्हणतो, दोन दिवसांचं काम आहे

प्रश्न: ताई, नवऱ्याला नव्या शहरात नोकरी लागली आणि तो तिकडे रुजूही झाला. सहा आठवड्यांनी मी, नऊ वर्षांची मुलगी आणि सासरे, आम्हीही जाणार. अंतर 1,200 किलोमीटर. तो फोनवर म्हणतो, ‘पॅकर्सना बोलाव, दोन दिवसांचं काम आहे.’ बाबांचं म्हणणं, त्यांचं लाकडी कपाट येणार नसेल तर तेही येणार नाहीत. नवरा म्हणतो, विकून टाक. रात्री झोप नाही, डोक्यात नुसत्या याद्या. काय करू?
– मधल्यामधे अडकलेली

उत्तर: तुमचे यजमान अर्धं खरं बोलतायत. खोकी भरून ट्रकमध्ये चढवायला दोन दिवस पुरतात. पण काय न्यायचं, काय नाही, हे पॅकर्स ठरवत नाहीत. ते ठरवण्याचं ओझं सध्या तुमच्या एकटीच्या डोक्यावर आहे, आणि झोप त्यानेच उडालीय. तेव्हा आधी वाटणी करू.

सुरुवात कपाटापासूनच करा, कारण सगळं तिथेच अडलंय. टेप घ्या आणि बाबांच्या देखतच मोजा. समजा ते साडेसहा फूट उंच, चार फूट रुंद आणि दोन फूट खोल भरलं, तर झाले 52 घनफूट. तुमचं वॉशिंग मशीन साधारण 11 घनफुटांचं असतं. म्हणजे एका कपाटाच्या जागेत जवळजवळ पाच वॉशिंग मशीन मावतील, आणि लांबच्या वाहतुकीत मुख्यतः जागेचेच पैसे पडतात. हा आकडा बाबांना सांगा, पण ‘म्हणून विकू’ असं लगेच जोडू नका. यजमानांना नव्या घराचं दार, लिफ्ट आणि जिन्याचं वळण मोजून पाठवायला सांगा. वळणाची रुंदी सगळे मोजतात, उंची कोणी मोजत नाही. उभं कपाट वळवताना वरच्या जिन्याचा स्लॅब नेमका तिथेच आडवा येतो. कपाट स्क्रूवर जोडलेलं असेल तर सुटं होऊन जाईल. जुनं, खाचा पाडून सरसाने चिकटवलेलं असेल तर ते मोडल्याशिवाय सुटणार नाही, त्या फंदात पडू नका.

मापं जुळली तर बाबांना निवड द्या: त्यांच्या खोलीतल्या सामानाला इतके घनफूट, त्यात कपाट घ्या किंवा पलंग आणि टेबल. ज्या माणसाचं अख्खं गाव सुटतंय त्याला निदान एवढं तरी स्वतः ठरवू द्या. आणि ‘विकून टाक’ हे फोनवरून म्हणणं बंद करायला यजमानांना माझ्या नावाने सांगा.

कपाटाचं ठरलं की बाकीची यादी भराभर होते. तीन कंपन्यांना घरी येऊन सामान बघायला सांगा. फोनवर सांगितलेला दर चढवायच्या दिवशी वाढतो. एक प्रश्न नक्की विचारा: ट्रक फक्त आपलाच, की दुसऱ्यांच्या मालासोबत? एकत्र माल स्वस्त पडतो, पण वाटेत गोदामात उतरून पुन्हा चढतो, फुटतुटीचा धोका तिथे वाढतो आणि पोचायची तारीख सरकते. विम्याचा कागदही वाचा. आपण स्वतः भरलेल्या खोक्यातली फूट बऱ्याचदा विम्यात धरत नाहीत, म्हणून काचसामान त्यांनाच भरू द्या. पुस्तकं तुम्ही भरलीत तरी चालतील, फक्त लहान खोक्यांत: एक फूट लांबी-रुंदी-उंचीचं खोकंसुद्धा पुस्तकांनी 15-17 किलोचं होतं. मोठ्या खोक्याचा तळ उचलतानाच फाटतो. प्रत्येक खोक्याला नंबर द्या, तो वर न लिहिता दोन बाजूंवर लिहा, कारण रचल्यावर वरची बाजू दिसत नाही.

मशीनचं मात्र नीट वाचा. पुढून दार उघडणारं असेल तर नवं आलं तेव्हा मागून काढलेले लांब ट्रान्झिट बोल्ट शोधा. ते न लावता पाठवलं तर आतला ड्रम रस्ताभर हेलकावे खातो आणि त्याला धरणारे दांडे किंवा स्प्रिंग तुटतात. बोल्ट हरवले असतील तर मॉडेल नंबर देऊन आत्ताच मागवा. शेवटच्या आठवड्यात मिळतीलच असं नाही. तिकडे मशीन सुरू करण्याआधी ते काढायचे, हेही तिथे मशीनवरच चिकटवून ठेवा. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्या, पुसून कोरडा करा आणि उभाच न्यायला सांगा. आडवा नेलाच, तर पोचल्यावर दिवसभर उभा ठेवून मगच चालू करा. कंप्रेसरचं तेल खाली यायला वेळ लागतो.

ट्रकला काही दिवस लागतील. सांगितलेल्या तारखेत दोन-तीन दिवस मागेपुढे धरा. रिकाम्या घरात बाबा आणि मुलगी ताटकळत बसायला नकोत. शक्य असेल तर सामान लागल्यावरच त्यांनी यावं. बाबांची 15 दिवसांची औषधं, चिठ्ठ्या आणि तपासण्यांचे कागद, मुलीचे शाळेचे दाखले, दागिने, घराची कागदपत्रं, हे हातातल्या बॅगेत, ट्रकमध्ये अजिबात नाही. मुलीला एक खोकं पूर्णपणे तिचं द्या. त्यात काय भरलंय ते तुम्ही बघायचं नाही, फक्त बॅटऱ्या आणि द्रवपदार्थ नाहीत एवढं विचारून घ्या.

आता यजमानांच्या वाट्याला काय? मापं त्यांनी या रविवारपर्यंत पाठवायची. सामान आत घ्यायच्या वेळेची आणि ट्रक उभा करायच्या जागेची इमारतीतून परवानगी त्यांनीच काढायची. आणि उतरवायच्या दिवशी रजा टाकून दारात उभं राहायचं, हातात तुमची यादी. नंबर जुळल्याशिवाय पावतीवर सही नाही, आणि काही फुटलेलं दिसलं तर ते सहीच्या आधी त्याच पावतीवर लिहायचं, फोटोसकट. मजूर घाई करतील. करू देत.