प्रोग्राम ‘लावायचा’ आणि खिडकीही ‘लावायची’?

परभणी जिल्ह्यातल्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. शाळेत विंडोज ३.१ चा एक जुना संगणक अजून चालतो आणि मुलांसाठी त्याचं सूचनापत्र मराठीत लिहायचंय. ‘ओपन’, ‘स्टार्ट’, ‘रन’ या सगळ्यांना ‘उघडा’ म्हटलं तर चालेल का?

सर, माझ्या मते नाही चालणार. त्या पडद्यावर तर मुळीच नाही.

विंडोज ३.१ हे १९९२चं. स्टार्टचं बटण आणि खालची पट्टी १९९५ साली विंडोज ९५बरोबर आली. त्याआधी सगळा कारभार प्रोग्राम मॅनेजर नावाच्या खिडकीतून चाले. तिच्यात ‘मेन’, ‘ॲक्सेसरीज’ असे गट आणि गटात चित्रं. गट उघडला की नुसती चित्रं दिसतात, कामाला काहीच लागत नाही. चित्रावर दोनदा क्लिक केलं की मग प्रोग्राम कामाला लागतो. म्हणून गट ‘उघडा’, प्रोग्राम ‘सुरू करा’. फाइल मेनूतल्या ‘रन’मध्ये डॉससारखं, म्हणजे आज्ञा टाइप करून चालणाऱ्या जुन्या प्रणालीसारखं, प्रोग्रामचं नाव टाइप करावं लागतं, तिथं ‘चालवा’ शोभेल.

खरी अडचण पुढं आहे. प्रोग्रामची खिडकी लहान केली की तो चित्र होऊन पडद्याच्या तळाशी बसतो, आणि हे चित्र गटातल्या चित्रासारखंच दिसतं. मूल पुन्हा गटातल्याच चित्रावर क्लिक करतं, दुसरं कोरं नोटपॅड येतं आणि आपलं लिहिलेलं गेलं म्हणून ते घाबरतं. इथं मराठी कामाला येते. पाऊस ‘सुरू झाला’ आणि पाऊस ‘चालू आहे’ यांतला फरक आपल्याकडं लेकरालाही कळतो. गटातलं चित्र सुरू करायचं, तळाचं चित्र चालू असलेलं. वाळूचं घड्याळ दिसतं तेव्हा आपल्या बोलीतलं ‘सुरू व्हायलंय’ नेमकं बसतं, आणि अडलं की ‘सुरूच होईना गेलंय’. छापील पत्रात नको वाटलं तरी शिकवताना हेच बोला, असा माझा आग्रह आहे.

‘लावणे’ मात्र टाळा. टीव्ही लाव, दिवा लाव म्हणजे सुरू कर. दार लाव, खिडकी लाव म्हणजे बंद कर. ‘प्रोग्राम लावा’ आणि ‘खिडकी लावा’ एकाच पानावर आलं तर मुलांनी काय समजायचं?

बंद होण्याचे तर आपल्याकडं तीन प्रकार आहेत. काम झालं, आपण प्रोग्राम बंद करतो. मध्येच बिघडला तर तो बंद पडतो. आणि अडकून बसला, कशालाच दाद देईना, की कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबून आपण तो बंद पाडतो. सभा बंद पाडतात, तशी यात जबरदस्ती आहे, आणि साठवून न ठेवलेलं लिखाण जातं हेही त्या एका ‘पा’मुळं जाणवतं. हे तिन्ही शब्द पत्रात वेगवेगळे ठेवा.

कंट्रोल आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क लिस्ट येते. तिला मी ‘चालू प्रोग्रामांची यादी’ म्हणेन, आणि तिच्यातल्या ‘स्विच टू’ला ‘त्याच्याकडे जा’. घाबरलेल्या मुलाला त्याचं पहिलं नोटपॅड तिथंच सापडेल, त्यामुळं ही ओळ पत्रात सगळ्यात वर घ्या.