रोडिओतलं (काउबॉयांच्या कसबाच्या स्पर्धांमधलं) स्टीअर रेसलिंग, म्हणजे घोड्यावरून झेप घेऊन बैलाला पाडण्याचा खेळ, बिल पिकेटनेच सुरू केलं का?

हो, त्याचं श्रेय टेक्सासच्या बिल पिकेट (१८७०–१९३२) या कृष्णवर्णीय काउबॉयलाच दिलं जातं. फक्त त्याची रीत आजच्यापेक्षा वेगळी होती. चुकार गुरांना ओठ धरून रोखणारे बुलडॉग पाहून ती सुचलेली. धावत्या घोड्यावरून बैलावर झेप, शिंगं धरून मान पिळायची, मग बैलाचा ओठ चक्क दातांत पकडून त्याला पाडायचं. आता चावणं बाद आहे. हेझर नावाचा दुसरा स्वार बैलाला सरळ धावता ठेवतो आणि चारही पाय एका दिशेला येऊन बैल आडवा झाला की घड्याळ थांबतं. पिकेटचा फोटो वापरणार असाल तर जपून: अमेरिकी टपाल खात्याने तिकिटावर आधी त्याच्या भावाचा छापला होता, सुधारित तिकीट १९९४ साली आलं.