मनूच्या प्रश्नाचं उत्तर: गौर म्हणजे पूजा की प्रदर्शन?

चि. मनूस,

अनेक आशीर्वाद.

परवा ट्युलिप टाइम उत्सवातल्या किंडरपरेडहून, म्हणजे मुलांच्या मिरवणुकीहून, परतताना तू गाडीत एक प्रश्न विचारलास आणि मी "घरी गेल्यावर सांगते" म्हणाले. घरी आल्यावर लाकडी बुटांनी तुझ्या टाचांना आलेले फोड बघण्यातच संध्याकाळ गेली, आणि उत्तर राहिलं. शाळेतली तुझी मैत्रीण रविवारी आपल्याकडे आली होती, तिने झोपाळ्यातली गौर, पायऱ्यांवर मांडलेले लाडू, तुझा ट्रॅक्टर, कापलेलं कलिंगड असं सगळं पाहिलं आणि विचारलं, "ही पूजा आहे की एक्झिबिट?" तुला उत्तर देता आलं नाही, त्याचं तुला वाईट वाटलं. आणि मग गाडीत तू त्यात तुझा प्रश्न जोडलास: प्रदर्शनच असेल तर आपण ते घरात का मांडतो, ह्या मिशिगनमधल्या आपल्या हॉलंड गावच्या लोकांसारखं रस्त्यावर का नाही मांडत?

प्रश्न चांगला आहे. इतका चांगला की चुलीपाशी उभं राहून दोन वाक्यांत त्याचं उत्तर देणं मला बरं वाटेना. मराठी शाळेत तू आता वाचायला शिकली आहेस, म्हणून लिहूनच देते. अडलं तर बाबांना विचार.

गौरीपुढे जे मांडतात त्याला आपल्याकडे आरास म्हणतात. आरास ही पूजाही असते आणि प्रदर्शनही. गौर ही माहेरवाशीण आहे. चैत्र शुद्ध तृतीयेला ती माहेरी येते, महिनाभर झोपाळ्यावर बसते आणि अक्षय तृतीयेला परत सासरी जाते. सासरी कामाला जुंपलेली लेक माहेरी आली की आई काय करते? तिला बसवून ठेवते, काही करू देत नाही, जे जे चांगलं असेल ते तिच्यापुढे ठेवते. आणि मग शेजारणींना बोलावते: या, माझी लेक आलीय, बघून जा. चैत्रातलं हळदीकुंकू म्हणजे हे "बघून जा".

वाईला माझ्या आजीच्या घरी मधल्या आळीत आरास असे. तू तो वाडा पाहिलेला नाहीस, आता तिथे इमारत आहे. माजघरात डबे, पाट आणि एक पत्र्याची ट्रंक एकावर एक रचून पायऱ्या करायच्या, त्यावर आजोबांचं धुतलेलं धोतर घालायचं. सगळ्यात वर पितळी झोपाळ्यात अन्नपूर्णा. खाली करंज्या, लाडू, कडबोळी, भातुकलीची पितळी भांडी, लाकडी ठकी, मातीचा पोपट. एका ताटलीत आठ दिवस आधी गहू पेरलेले असत, ते वीतभर वाढून त्यांचं शेत होई. काका आरसा आडवा ठेवून त्याच्या कडेला वाळू पसरत, की झालं तळं. त्यात माझं प्लॅस्टिकचं बदक. दर वर्षी तेच बदक, आणि दर वर्षी येणाऱ्या बायका "अगो बाई, बदकसुद्धा!" म्हणत. तुझा ट्रॅक्टर मी पायरीवर ठेवला तेव्हा तुला तो विचित्र वाटला ना? लेकीच्या माहेरात भाच्याची खेळणी असणारच. म्हणून ठेवला.

कलिंगडाचं कमळ करायचं काम मानाचं. कलिंगडाच्या मध्यावर सुरी तिरकी खुपसायची, पार गाभ्यापर्यंत. मग दुसरा छेद पहिल्याला टेकेल असा उलटा तिरका. असे करवतीसारखे दात पाडत पूर्ण गोल फिरायचं आणि शेवटी दोन्ही हातांनी अर्धी भकलं हळूच ओढायची. छेद नीट भिडलेले असतील तर "चर्र" असा आवाज होऊन दोन कमळं हातात येतात, नसतील तर एका पाकळीचा तुकडा निघतो. मी नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा मला सुरी मिळाली. ह्या वर्षी तुला देईन, पण मोठी नाही.

आता संध्याकाळ. चैत्रात वाईला चार वाजेपर्यंत फरशी तापलेली असते. साडेपाचला अंगणात पाण्याचा सडा पडतो, त्यावर चैत्रांगण काढलेलं असतं: गौरीचा झोपाळा, तुळस, सूर्य, चंद्र, हत्ती, कासव, नाग, गायीची पावलं, फणी, करंडा. बायका यायला लागतात. आधी हळद, मग कुंकू, मनगटावर अत्तराचं बोट, वरून गुलाबदाणी. ओटीत भिजवलेले हरभरे. हातात कैरीची डाळ आणि पन्हं. दहा मिनिटं बसायचं, आरास निरखायची, "कमळ कुणी केलं?" विचारायचं आणि पुढच्या घरी. एका संध्याकाळी दहा-बारा घरं होत. मी आजीचं बोट धरून सगळीकडे जात असे, कारण कुमारिकेलाही हरभरे मिळत. घरी येईपर्यंत पिशवी जड झालेली असे आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या आळीत हरभऱ्याची उसळ.

तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. मंगळवारी मी तुझ्या घरची आरास बघायला येते, शुक्रवारी तू माझ्या घरची बघायला ये. महिनाभर सगळ्या गावभर हे चालतं. बघणारी आणि दाखवणारी बाई एकच असते, फक्त वार बदलतो. म्हणून ते घरात. रस्त्यावर मांडलं असतं तर उंबरा ओलांडावा लागला नसता, आणि चैत्रातली मजा त्या उंबऱ्यातच आहे. एरवी ज्या घरी वर्षभर जाणं होत नाही तिथेही चैत्रात जावंच लागतं. माझ्या आजीचं एका शेजारणीशी नळाच्या पाण्यावरून वाजलेलं होतं, तरी हळदीकुंकवाला दोघी एकमेकींकडे जात.

पण मनू, एक गोष्ट तुला ठाऊक असायला हवी. डाळ वाटायची माझी आत्या. चण्याची डाळ चार-पाच तास भिजवून ती पाट्यावर भरड वाटत असे, गंधासारखी बारीक नाही, दाताखाली कण लागले पाहिजेत. त्यात किसलेली कैरी, मीठ, चिमूटभर साखर, ओलं खोबरं, आणि वरून मोहरी-हिंग-हळदीची फोडणी, तीत सुक्या मिरच्या. गावात तिच्या डाळीचं नाव होतं. आणि ती डाळ वाटणारी आत्या हळदीकुंकवाच्या वेळी स्वयंपाकघराच्या दाराआड बसून राही, कारण तिचे यजमान वारले होते. हळदीकुंकू सवाष्णीचं, असा नियम. डाळीचं कौतुक बाहेर व्हायचं आणि ते तिला आतून ऐकू यायचं. मी सहावीत असताना एका शुक्रवारी आजी करंडा घेऊन सरळ आत गेली, तिचा हात धरून तिला बाहेर आणलं, पाटावर बसवलं आणि सगळ्यांदेखत कुंकू लावलं. काही बायका गप्प झाल्या. एक उठून गेली. बाकीच्या बसून राहिल्या, आणि पुढच्या वर्षी त्यांतल्या दोघींनी आत्याला स्वतः बोलावणं केलं. त्या दिवसापासून आमच्या घरात कुणाला कुंकू लावायचं हे विचारत नाहीत. दारात येईल तिला लावतात. तू हीच रीत धर.

रस्त्यावर आपलं काही नसतं असंही समजू नकोस. तुझ्या बाबांचं बावधन वाईजवळच आहे. तिथे रंगपंचमीला भैरवनाथाचं बगाड निघतं. होळीच्या पौर्णिमेला देवाला कौल लावून बगाड्या ठरतो, म्हणजे कुणाचा नवस, कुणाला मान. तो तोपर्यंत उपास धरतो. रंगपंचमीला कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून बगाड निघतं, बगाड्याला उंच शिडाला बांधतात आणि खिलारी बैल ते शेताशेतांतून गावापर्यंत ओढतात. वाटेत बैल बदलतात, आपल्या गोठ्यातली जोडी बगाडाला लागली की घराला वर्षभर पुरेल इतका अभिमान वाटतो. बाबांना विचार, त्यांच्या आजोबांच्या बैलांची नावं त्यांना अजून पाठ आहेत. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर उंच सासनकाठ्या नाचवत लोक गुलालात न्हातात. पाडव्याला तर आता गावोगावी शोभायात्रा निघतात. त्या फार जुन्या नाहीत. डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने १९९०च्या दशकाच्या अखेरीस पुढाकार घेतला आणि मग ठाणे, गिरगाव असं पसरत गेलं. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी शेकडो माणसं नुसतं एका माणसाचं बोलणं ऐकायला येऊन बसतात. हाही वसंतातला उत्सवच, आणि माझ्या मते आपल्या सर्वांत चांगल्या उत्सवांपैकी एक.

ह्यात तुझ्या गावाशी सांधा जुळतो तो असा. अल्बर्टस व्हॅन राल्टी नावाच्या पाद्र्याबरोबर डच लोक इथे आले १८४७ साली. ट्युलिप टाइम सुरू झाला १९२९ला, म्हणजे ऐंशीहून जास्त वर्षांनी. लिडा रॉजर्स नावाच्या, इथल्या हायस्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी १९२७मध्ये सुचवलं की गावाने ट्युलिप लावावेत. पुढच्या वर्षी नगरपालिकेने एक लाख कंद आणून लावले, आणि त्यानंतरच्या वसंतात लोकांना बघायला बोलावलं. ती डी झ्वान पवनचक्की, जिच्यात दळलेलं पीठ आपण आणतो, ती तर १९६४ साली नेदरलँड्समधून सुटी करून इथे आणली. आजोळ दूर गेलं की माणसं ते पुन्हा मांडतात. परवा तुम्हा मुलांच्या पुढे रस्ता धुतला जात होता ना, खांद्यावर कावडीसारख्या बादल्या अडकवून, झाडू मारत? महापौर रस्ता तपासतात, "घाणेरडा आहे" म्हणतात आणि मग सगळे घासायला लागतात. मला ते बघताना आजीचा सडा आठवला. पाहुणे यायच्या आधी अंगण ओलं झालंच पाहिजे.

तू पांढरी टोपी आणि एप्रन घालून खटखट वाजत गेलीस तेव्हा पलीकडून कुणीतरी म्हणालं, ही मुलगी डच नाही. तू ऐकलंस, मीही ऐकलं. तुझ्या मैत्रिणीच्या आजीने लगेच मागे वळून सांगितलं की इथल्या शाळेत जाते ती इथली, आणि हात हलवत तुझं नाव घेऊन ओरडल्या. त्या तुझ्यासाठी ओरडल्या हे मी विसरणार नाही.

यंदा अक्षय तृतीया नेमकी ट्युलिपच्या आठवड्यात आली आहे. शुक्रवार आहे. म्हणजे गौरीची बोळवण आणि हळदीकुंकू एकाच संध्याकाळी करू. ग्रँड रॅपिड्सच्या दुकानातून बाबा कैऱ्या घेऊन आलेत, दोन कडक आहेत, त्या डाळीला, बाकीच्यांचं पन्हं. मोगरा इथे मिळत नाही, म्हणून मी अत्तर आणलं आहे. रस्त्याकडेची ट्युलिप तोडायची नाहीत, ती गावाची आहेत. आपल्या मागच्या अंगणातली पाच पिवळी आहेत, ती तू गौरीसाठी काढ. देठ लांब ठेव.

गुरुवारी रात्री झोपायच्या आधी हरभरे भिजत घाल, मोठ्या पातेल्यात, कारण ते दुप्पट फुगतात. आणि मैत्रिणीच्या आजीला फोन तू करायचास. त्यांचे यजमान गेल्या हिवाळ्यात वारले, तेव्हापासून त्या कुठे जात नाहीत म्हणे. सहा वाजता या म्हणावं. पूजा की प्रदर्शन असं त्यांनी विचारलं तर त्यांना सांग की आमच्याकडे लेक आलीय, ती आता जाणार, तेवढी बघून जा.

तुझी,
आई