'स्थलांतरित' पक्षी की 'स्थलांतरी' पक्षी?

प्रश्न असा आहे: बातम्यांत सर्रास 'स्थलांतरित पक्षी' छापून येतं, पक्ष्यांवर लिहिणारी काही मंडळी मात्र 'स्थलांतरी' लिहितात. यातलं शुद्ध कोणतं? आणि 'हिवाळी पाहुणे' म्हटलं तर चालेल का?

शुद्धतेचा निकाल लगेच लागतो: दोन्ही रूपं व्याकरणात बसतात. 'स्थलांतर' म्हणजे मुळात 'दुसरं स्थळ', जसं 'देशांतर' म्हणजे दुसरा देश. मराठीत तो शब्द जागा बदलण्याच्या क्रियेसाठी रुळला. त्याला 'इत' लागला की 'ज्याच्या बाबतीत ते घडून आलं आहे तो' असा अर्थ होतो. पाणिनीचं 'तदस्य सञ्जातं तारकादिभ्य इतच्' हे सूत्र याच अर्थाचं. फुलं आलेली वेल ती पुष्पित. 'ई' लागला (मूळ प्रत्यय इन्) तर 'ज्याच्या ठायी ते आहे, ज्याचा तो स्वभाव आहे तो'. आपण रोज हा फरक पाळतो. बातमी ऐकून माणूस आनंदित होतो, पण आनंदी माणूस बातमीची वाट बघत नाही. दुसऱ्या इमारतीत गेलेलं कार्यालय 'स्थलांतरित' झालं, तिथे विषय संपला.

पक्ष्याचा विषय तसा संपत नाही, म्हणून माझं मत 'स्थलांतरी'च्या बाजूने आहे. का, ते एका पक्ष्यावरून सांगतो.

बार-टेल्ड गॉडविट, म्हणजे पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा. चिखलात चालणारा, लांब आणि किंचित वर वळलेल्या चोचीचा पक्षी. याची एक उपजात अलास्कातल्या टुंड्रात, म्हणजे झाडं नसलेल्या थंड मैदानात, वीण घालते. मादी साधारण चार अंडी घालते, नर-मादी आळीपाळीने तीनेक आठवडे ती उबवतात. पिल्लू बाहेर आलं, अंग सुकलं, की आपल्या पायांनी हिंडून स्वतःच किडे टिपायला लागतं. महिन्याभरात उडतं. मग सगळे किनाऱ्यावरच्या चिखलात उतरतात आणि खात सुटतात. चोच पार तोंडापर्यंत चिखलात खुपसायची, टोकाला काही लागलं की ओढून काढायचं, पुन्हा खुपसायची. निघायच्या वेळी अंगात जवळपास निम्मं वजन चरबीचं असतं. तेवढं ओझं पेलावं म्हणून पोटातली पेषणी (अन्न दळणारी पिशवी), यकृत, आतडी आक्रसतात. वाटेत खायचंच नाही तर त्यांचा भार कशाला! मला या पक्ष्याची सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते, अंतराच्या आकड्याहूनही.

आकडाही लहान नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, उपग्रहाला संदेश देणारा टॅग लावलेलं, जेमतेम पाच महिन्यांचं एक पिल्लू अलास्काहून निघालं आणि ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर न थांबता उडून ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर उतरलं. मध्ये सगळा पॅसिफिक महासागर, आणि बदकासारखं पाण्यावर बसून विसावायची सोय या जातीला नाही.

त्या पिल्लाला उतरल्या दिवशी 'स्थलांतरित' म्हणा, माझी हरकत नाही. 'इत' तिथे चपखल बसतो. दक्षिणेत आलेली पिल्लं पुढची दोनतीन वर्षं तिथेच राहतात, तेव्हाही शब्द टिकतो. पण मोठे पक्षी बघा. दक्षिणेत, न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर असतानाच, फेब्रुवारी-मार्चमध्ये, नराच्या फिकट पोटावर विटकरी पिसं फुटायला लागतात. वीण व्हायची असते हजारो किलोमीटर दूर अलास्कात, मेच्या सुमारास, आणि तिचे रंग इथेच चढतात. मग उत्तरेकडे उड्डाण, वाटेत चीन आणि कोरियामधल्या पीत समुद्राच्या चिखलमैदानांवर काही आठवड्यांचा मुक्काम, तिथून अलास्का, आणि सप्टेंबरच्या सुमारास पुन्हा दक्षिण. हे वर्षानुवर्षं. यातलं कुठलं टोक 'घडून आलं'चं धरायचं? एका फेरीचा शेवट होण्याआधी दुसरीची तयारी अंगावर दिसते. हा स्वभाव आहे, आणि स्वभाव सांगायला मराठीत 'ई' आहे.

'स्थलांतरित'ची मला खटकणारी आणखी एक बाब: तो 'इथून तिथे' एवढंच डोळ्यापुढे आणतो, मधला मुक्काम वगळतो. पाणटिवळ्याचा जीव तर त्या मधल्या चिखलावर अवलंबून असतो. याच पीत समुद्राकाठी, दक्षिण कोरियात, सेमानगुमच्या सुमारे ३३ किलोमीटर लांबीच्या समुद्रभिंतीचं शेवटचं तोंड २००६ मध्ये बंद झालं आणि पाणपक्ष्यांचं मोठं चराऊ मैदान भरती-ओहोटीपासून तुटलं.

आता 'हिवाळी पाहुणे'. या पक्ष्यापुरते तरी दोन्ही शब्द चुकतात. तो न्यूझीलंडला येतो तेव्हा तिथे वसंत असतो, सगळा उन्हाळा काढून निघतो. तिथला हिवाळा बघतात ती मागे राहिलेली पिल्लं. आणि पाहुणा म्हणजे ज्याचं घर दुसरीकडे आहे तो. वर्षातले सहाएक महिने जो या किनाऱ्यावर राहतो, ज्याला तिथले मूळ रहिवासी माओरी लोक 'कुआका' या आपल्या नावाने ओळखतात, त्याला पाहुणा का म्हणायचं? 'हंगामी रहिवासी' म्हणा, ते खरं आहे.

'स्थलांतरी'वर एक आक्षेप येऊ शकतो: 'देशांतरी गेला' यासारखं हे सप्तमीचं रूप वाटेल, 'दुसऱ्या ठिकाणी' असं. एकटा शब्द वाचला तर वाटेलही. पुढे 'पक्षी' आला की घोटाळा राहत नाही. विशेषण म्हणून सुटं लिहिताना 'री' दीर्घच ठेवा, 'स्थलांतरी पक्षी', 'स्थलांतरी पक्ष्यांचा'. समास करून एकत्र लिहिलंत तर मात्र 'पक्षिमित्र'सारखं ऱ्हस्व: 'स्थलांतरिसमूह'. कानाला जड वाटत असेल तर सरळ 'स्थलांतर करणारे पक्षी' लिहा. त्यात काही उणं नाही.