अ‍ॅन्युरिझम (मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा) फुटून ब्रेन हॅमरेज, ग्रेड ५ सांगितलाय, भाऊ शुद्धीवर येईल का?

आज चौथा दिवस, भाऊ व्हेंटिलेटरवर आणि डॉक्टर "आत्ताच काही सांगता येत नाही" एवढंच म्हणतात असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही, पण २०१९ ला माझ्या आईला हेच झालं होतं, ग्रेड ४, त्यामुळे आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसून जे कळलं तेवढं सांगतो.

डॉक्टर टाळत नाहीयेत हो, खरंच सांगता येत नाही. ग्रेड (१ ते ५, ५ म्हणजे सगळ्यात वाईट) म्हणजे तपासलं तेव्हा पेशंटला शुद्ध किती होती तेवढंच. रक्तामुळे डोक्यातलं पाणी तुंबतं आणि नुसत्या त्या प्रेशरनेपण माणूस बेशुद्ध पडतो, नळी टाकून (ईव्हीडी म्हणतात) ते पाणी काढलं की काहीजण एकदोन दिवसांत चक्क हातपाय हलवायला लागतात. म्हणून नळी टाकलीय का, त्यानंतरचा ग्रेड काय, आणि झोपेचं औषध चालू आहे का, एवढं विचारा. औषध चालू असताना "रिस्पॉन्स नाही" याला फार अर्थ नसतो.

कॉइलिंग किंवा क्लिपिंग (फुटलेला फुगा आतून तारेने किंवा बाहेरून चिमट्याने बंद करणं) झालं की सुटलो असंही धरू नका, आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो. साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसात मेंदूच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, त्यात परत स्ट्रोक येऊ शकतो, निमोडिपिन दर चार तासांनी २१ दिवस देतात ते त्यासाठीच. आईची उजवी बाजू नवव्या दिवशी गेली, म्हणजे हॅमरेजने नाही, या भानगडीने.

हात दाबला म्हणून आम्ही नाचलो होतो, पण तो नुसता रिफ्लेक्सही असतो म्हणे. खरी खूण वेगळीच निघाली, तिने डाव्या हाताने नाकातली नळी उपसून काढली, सिस्टर वैतागली आणि डॉक्टर खूश, कारण त्रास कुठे होतोय तिथे हात बरोबर गेला होता.

खोटं सांगत नाही, ग्रेड ५ मधले बरेच जण वाचत नाहीत, वय जास्त असेल किंवा परत ब्लीडिंग झालं तर अजून अवघड. पण वाचलेल्यांपैकी काहीजण स्वतःचं स्वतः करण्याइतके बरे होतात, फक्त ते सहा महिने वर्षभराने कळतं. आई आता काठी घेऊन चालते, बोलते, दुपारी पार गळून जाते, आणि आमटीत मीठ घातलं का हे दोनदा विचारते.