फोनवर इंग्रजी सुचत नाही: माझ्या एका ‘येस’चा अनुभव

ताई, मेल नीट लिहिता येते, पण परदेशी ग्राहकाचा फोन वाजला की हात गार पडतात, हे तुम्ही लिहिलंय ते वाचून मला चाकणमधले माझे सुरुवातीचे दिवस आठवले. मीही मराठी माध्यमाचा, इंग्रजी पाचवीपासून. (पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तोवर आमची शाळा संपली होती.)

व्याकरणात शिरत नाही, ते तुम्हाला येतंच. मला महागात पडला तो एक ‘येस’. मी एक्स्पोर्ट डिस्पॅचला होतो. बर्मिंगहॅमच्या ग्राहकाने विचारलं, ‘सो इट हॅजन्ट लेफ्ट येट?’ पट्ट्या मारलेल्या पेट्या माझ्या डोळ्यांसमोर गेटपाशी पडलेल्या. मी म्हणालो, ‘येस सर.’ आपण मराठीत ‘अजून गेला नाही ना?’ला ‘हो, नाही गेला’ म्हणतो, तसंच. त्याने अर्थ घेतला, ‘माल निघाला’. इंग्रजीत प्रश्न कसाही येवो, माल गेला नसेल तर ‘नो, इट हॅजन्ट’च. चार दिवसांनी उलगडा झाला, माल आमच्या खर्चाने विमानाने गेला आणि मला वर्षभर फोनला हात लावू दिला नाही. ‘डू यू माइंड होल्डिंग?’चंही तेच: थांबायची तयारी असेल तर ‘नॉट ॲट ऑल’.

त्याआधी एका क्लासला आठ हजार भरले होते. ५०० वाक्यांची झेरॉक्स हातात दिली, रोज वीस पाठ करा म्हणाले. हॉटेल, बँक, स्टेशन, सगळं होतं. समोरच्याचं कळलं नाही तर काय म्हणायचं, ते एकाही पानावर नव्हतं. त्याची चीड अजून जात नाही.

माझ्या मते तीनच वाक्यं कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवा: ‘सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट’, ‘कुड यू से दॅट अगेन, प्लीज?’, ‘लेट मी चेक अँड कॉल यू बॅक’. रोज मोठ्याने म्हणा. मनात वाचून जीभ वळत नाही. आकडा आला की सुटा करून परत विचारा, ‘फोर्टी, फोर-झिरो, राइट?’ फोर्टीन आणि फोर्टीचा घोळ फोनवर हमखास होतो. फोन उचलल्यावर ‘मायसेल्फ अमुक’ नको, ‘दिस इज अमुक’. आणि शंका विचारताना ‘आय हॅव अ डाउट’ म्हणू नका, तिकडच्यांना तो अविश्वास वाटू शकतो, ‘क्वेश्चन’ म्हणा.

मी शिक्षक नाही, आणि माझे ग्राहक बहुतेक ब्रिटिश होते. तुमचे कुठले आहेत ते लिहा, म्हणजे आणखी नेमकं सांगता येईल.