बोर्डाचं जुनं घर: आधी छत बघा, रंग मागून

प्रश्न: कोल्हापुरात हाऊसिंग बोर्डाच्या जुन्या वसाहतीतलं एक बैठं घर विकायला आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे मोरी-संडास. भिंती विटांच्या आहेत, पण छत नेहमीच्या स्लॅबचं नाही, आतून फळ्या मांडल्यासारखं दिसतं. शेजारच्या खासगी घरांपेक्षा किंमत बरीच कमी सांगतात. पुढे वर एक मजला चढवायचा आमचा विचार आहे. घर घ्यावं का?
— एक वाचक, कळंबा रस्ता

उत्तर: घ्यायला हरकत नाही, पण इसार देण्याआधी छत तपासून घ्या आणि वरच्या मजल्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

वर्णनावरून हे प्रीकास्ट (म्हणजे आधीच साच्यात ओतून तयार केलेल्या) फळी-जोइस्टचं छत वाटतं. कमी खर्चात भराभर घरं उभी करण्यासाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं विकसित केलेल्या पद्धतींपैकी ही एक. साधारण 15 सेंटिमीटर रुंद काँक्रीटचे जोइस्ट, म्हणजे छोट्या तुळया, भिंतीवरून भिंतीवर टाकतात. दोन जोइस्टमध्ये जास्तीत जास्त दीड मीटर अंतर ठेवून त्यावर 30 सेंटिमीटर रुंदीच्या फळ्या मांडतात. फळी मधे सुमारे 6 सेंटिमीटर जाड असते आणि कडेला 3. कडेच्या खोबणीत सळया टाकून वरून काँक्रीट भरलं की छत तयार. नीट केलेलं असेल तर हे काम चांगलं टिकतं, त्यामुळे नुसत्या फळ्या बघून घाबरू नका.

दुखणं सुरू होतं ते पाण्यानं. फळी पातळ, त्यामुळे सळईखाली काँक्रीट जेमतेम असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं त्यात मुरतो, काँक्रीटचा अल्कधर्मी गुण जातो आणि सळईचं संरक्षण संपतं. त्यात वरून ओल आली की सळई गंजते. गंजलेली सळई फुगून खालचं काँक्रीट ढकलते आणि पोपडा सुटतो.

घर बघायला दिवसा जा, सोबत बॅटरी आणि छोटी हातोडी ठेवा. फळ्यांच्या सांध्यावर गिलाव्याला सरळ बारीक भेग दिसली, तर ती बहुतेक वेळा नुसती सांध्याची असते. जोइस्टच्या खालच्या अंगाला लांबीच्या दिशेनं तपकिरी डागाची भेग दिसली, तर मात्र आत सळई गंजलेली समजा. जोइस्टच्या मधोमध आडवी भेग किंवा भिंतीजवळ तिरकी भेग असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरनं पाहिल्याशिवाय पुढची बोलणी करू नका. हातोडीनं हलकेच ठोका: खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर पोपडा सुटलेला आहे. मोरीवरच्या फळ्या आणि पाण्याच्या टाकीखालचा भाग सगळ्यात आधी बघा. हजार लिटरची टाकी भरली की एक टन वजन होतं. ती भिंतीच्या माथ्यावर न ठेवता फळ्यांच्या मधोमध ठेवलेली असेल, तर त्या जोइस्टवर विशेष लक्ष द्या.

एखाद्याच खोलीला ताजा रंग किंवा पीओपीचं खोटं छत असेल, तर दोन फूट चौरस उघडून दाखवा म्हणून सांगा. मालक नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच आहे.

इंजिनिअरकडून फिनॉल्फथॅलिनची चाचणी जरूर करून घ्या. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर हे द्रावण फवारलं की निरोगी भाग गुलाबी होतो आणि संरक्षण गेलेला भाग बिनरंगी राहतो. तो बिनरंगी पट्टा सळईपर्यंत पोचला असेल, तर छताला खर्च येणार हे नक्की धरा. दुरुस्तीत सैल काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढून, सळई तारेच्या ब्रशनं घासून, गंजरोधक लेप देऊन पॉलिमरयुक्त मॉर्टरनं भरावं लागतं. बारीक झालेल्या सळईला जोड सळई द्यावी लागते किंवा फळीच बदलावी लागते. गवंड्यानं वरवर सिमेंट थापलं तर गंज आतल्या आत चालूच राहतो आणि पोपडे पुन्हा पडतात.

आता वरचा मजला. नऊ इंची विटांची दहा फूट उंच भिंत एका धावत्या फुटाला 400 किलोच्या आसपास वजन टाकते. चार इंची नवा स्लॅब चौरस मीटरला 250 किलो, म्हणजे दहा बाय बाराच्या एका खोलीवर जवळजवळ पावणेतीन टन. बैठ्या घरासाठी घातलेला पाया आणि साडेचार इंची आतल्या भिंती हे पेलतील असं गृहीत धरू नका. मजला हवाच असेल तर जुन्या भिंतींवर भार न टाकता स्वतंत्र पाया आणि कॉलम घ्या, आणि त्याआधी महापालिकेची परवानगी. जोइस्ट भिंतीवर आणि फळ्या जोइस्टवर किती आत टेकल्यात आणि फळ्या एकमेकींना सळईनं बांधल्यात का, हेही तपासून घ्या. 2001 च्या भूजच्या भूकंपात प्रीकास्ट छताच्या शाळा याच कमतरतेमुळे कोसळल्या, आणि आपल्याला कोयना काही लांब नाही.

पुराचं वेगळं सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 ला पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं होतं, हे मालकाला न विचारता शेजाऱ्यांना विचारा. भिंतीच्या तळाशी लोणा लागलेला असेल तर तीही खूणच. जागा पूररेषेच्या आत येते का, हे महापालिकेच्या नगररचना विभागात समजेल.

बँकेचा मूल्यांकनकार इमारतीचं उरलेलं आयुष्य बघतो, आणि ते कमी धरलं तर कर्जाची मुदतही कमी होते. कर्ज व्यवहाराची किंमत आणि मूल्यांकन यांपैकी कमी रकमेवर मिळतं. इसारपावतीत ‘कर्ज नामंजूर झाल्यास इसार परत’ हे वाक्य घालून घ्या.

प्रश्न: अशाच एका घराचा मूळ वाटपधारक वारला आहे. आता विकणारा म्हणतो, ‘माझ्याकडे मुखत्यारपत्र आहे, घरफाळाही माझ्याच नावावर येतो.’ एवढं पुरेसं आहे का?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर: नाही. मुखत्यारपत्रावरच्या व्यवहारानं मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे. शिवाय मुखत्यारपत्र देणारा वारला की ते साधारणपणे संपतं. घरफाळा हा कर आहे, त्यावर नाव असलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही आणि पुढे वाढवलेली खोलीही त्यानं अधिकृत होत नाही.

बोर्डाची अनेक घरं भाडेखरेदीवर दिलेली असतात. सगळे हप्ते फिटले का आणि त्यानंतर बोर्डानं खरेदीखत करून दिलं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जमीन बऱ्याचदा भाडेपट्ट्यानं असते, तेव्हा पट्ट्याची किती वर्षं उरली तेही बघा. वाटपपत्र, ताबा पावती, शेवटच्या हप्त्याची पावती आणि मालमत्ता पत्रक मागून घ्या. हाऊसिंग बोर्डाचं काम आता म्हाडाकडे आहे आणि कोल्हापूर जिल्हा म्हाडाच्या पुणे मंडळाखाली येतो, तिथून थकबाकी नसल्याचा दाखला आणि हस्तांतरणाची ना-हरकत घ्यावी लागते. आधी वारसांची नावं लागू द्या. मग सगळे वारस खरेदीखतावर सही करतील किंवा नोंदणीकृत हक्कसोड देतील. लग्न होऊन गेलेल्या बहिणी इथे हमखास राहून जातात. वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा 30 वर्षांचा शोध अहवाल घेतल्याशिवाय साठेखत करू नका.

प्रश्न: लेक-जावई इंग्लंडात लीड्सला असतात. कौन्सिलचं (तिथल्या पालिकेचं) जुनं घर स्वस्तात मिळतंय, पण ‘नॉन-स्टँडर्ड कन्स्ट्रक्शन’ असल्यानं बँक कुरकुर करते. म्हणजे नेमकं काय?
— एक आजी, राजारामपुरी

उत्तर: आजी, म्हणजे नेहमीच्या विटांच्या भिंती सोडून वेगळ्या पद्धतीनं बांधलेलं घर. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई भागवायला तिकडेही प्रीकास्ट काँक्रीटची घरं भराभर बांधली. त्यातला एअरी हा प्रकार तर लीड्सच्याच बिल्डरचा. पातळ काँक्रीटचे खांब आणि बाहेरून एकावर एक चढवलेल्या फळ्या अशी त्याची रचना. 1980 च्या कायद्यानं कौन्सिलच्या भाडेकरूंना घरं विकत घेता आली आणि मग खांबांतली गंजलेली सळई उघडी पडली. 1984 च्या हाऊसिंग डिफेक्ट्स ॲक्टखाली असे अनेक प्रकार सदोष ठरवले गेले. तेव्हाच्या मालकांना दुरुस्तीसाठी अनुदान होतं, नव्या खरेदीदाराला ते धरून चालू नका.

लेकीला दोन गोष्टी विचारायला सांगा. पहिली, घराचा नेमका प्रकार कोणता. ‘विम्पी नो-फाइन्स’ (जागेवरच ओतलेल्या, वाळू नसलेल्या काँक्रीटच्या भिंतींचं घर) असेल तर सहसा कर्ज मिळतं, दुरुस्ती न झालेल्या एअरीला फार थोड्या बँका देतात. दुसरी, मान्य पद्धतीनं दुरुस्ती झाल्याचं पीआरसी (प्रीकास्ट रीइन्फोर्स्ड काँक्रीट) प्रमाणपत्र आहे का. घर जोडघर असेल तर भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याच्या अर्ध्या भागाचीही दुरुस्ती झालेली आहे का, हे बँक विचारू शकते. ते प्रमाणपत्र मालकाकडून आत्ताच मागून घेऊ दे, सर्व्हेअरची फी भरण्याआधी.